क्लबच्या मेंबर्सचं ट्रेनिंग: रोप घ्यायचा की उत्तरकाशीला पाठवायचं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला जे समजलं ते आधी मांडतो, चुकत असेल तर सांगा. कांदिवली-बोरिवलीकडचा ट्रेकिंग क्लब, सत्तरेक मेंबर, कॉलेजच्या पोरापोरींपासून रिटायर झालेल्या काकांपर्यंत सगळे, महिन्याला एक ट्रेक. गेल्या महिन्यात राजमाचीहून कोंदिवड्याला उतरताना एका मेंबरचा घोटा मुरगळला, चौदा जणांचा ग्रुप, टॉर्च दोघांकडेच, पुढचे सात जण तोवर बरेच खाली गेलेले, लीडर पण त्यांच्यातच, आणि मागच्यांना गावात पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. नशीब की हाड मोडलं नव्हतं. आता कमिटीतले काही जण म्हणतायत दोन रोप (चढाईचे दोर), हार्नेस (कमरेला घालायचे पट्टे) वगैरे घेऊ आणि वर्षातून दोनदा रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरायचा, कॅम्प करू, तुमचं म्हणणं की त्याच पैशात चार जणांना उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला पाठवू. आणि तिसरं म्हणजे जुने मेंबर ट्रेनिंगला येतच नाहीत, त्यांचं काय करायचं.

मी मुंबईतल्याच एका क्लबमध्ये बरीच वर्षं ट्रेनिंगचं बघतो, त्यावरून सांगतो. स्पष्टच बोलायचं तर त्या संध्याकाळी तुमच्याकडे साठ मीटरचा नवा कोरा रोप असता किंवा चौदातले चार जण बेसिक केलेले असते, तरी साडेनऊच वाजले असते. कारण अडचण रोपची नव्हतीच ना. पुढच्या सात जणांना मागे काय झालंय हे माहीतच नव्हतं, मागच्या सात जणांत आता कोणाचं ऐकायचं हे ठरलेलं नव्हतं, अंधार पडणार हे साडेचारला दिसत असून कोणी बोललं नाही, आणि घोट्याला आधार कसा द्यायचा हे बहुधा एखाद्यालाच माहीत असेल आणि तोही पुढे गेलेला असेल. या गोष्टी कोणत्याच कॅम्पच्या पोस्टरवर नसतात त्यामुळे त्या शिकवल्याच जात नाहीत.

आता हे मान्य करतो की बरंचसं तुमच्या क्लबवर अवलंबून आहे. तुम्ही वर्षभर राजमाची, पेठ, गोरखगड, नाणेघाट असंच करत असाल तर तुमची गरज वेगळी. अलंग-मदन-कुलंग, सांदण दरी, एखाद-दोन सुळके असं रोप लागणारं काही करायचा विचार असेल तर वेगळी. मेंबर तेच तेच येतात की दर महिन्याला अर्धे नवीन असतात यानेही फरक पडतो, नवीन जास्त असतील तर सगळ्यांना शिकवत बसण्यापेक्षा लीडर आणि बॅकलीड (सगळ्यांच्या मागून चालणारा) पक्के करणं जास्त कामाचं. आणि बाहेरच्या लोकांकडून पैसे घेऊन ट्रेक नेत असाल तर राज्य सरकारचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आधी वाचा, तो विषय वेगळाच आहे, इथे त्यात शिरत नाही.

आपल्या मुंबईकरांच्या ट्रेकचा एक साचा ठरलेला असतो. शनिवारी ऑफिस उरकून रात्रीची शेवटची कर्जत नाहीतर कसारा लोकल पकडायची, स्टेशनवर किंवा गावातल्या देवळात दोन-तीन तास कशीबशी झोप, पहाटे चढायला सुरुवात, वर पोचून निवांत जेवण, फोटो, आणि मग रविवारी संध्याकाळची लोकल गाठायची म्हणून धावत उतरायचं. म्हणजे जो सगळ्यात नाजूक भाग, घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावरून उतरणं, तो आपण अर्धवट झोपेत, थकलेल्या गुडघ्यांवर, पाणी संपलेलं असताना आणि घड्याळाकडे बघत करतो. आमच्याकडच्या नोंदवहीत जे काही आहे, मुरगळलेले पाय, फुटलेली ढोपरं, चुकलेल्या वाटा, त्यातलं बहुतेक सगळं दुपारनंतरचं आणि उतरतानाचं आहे. आणि ट्रेनिंग मात्र आपण घेतो कधी, तर सकाळी नऊ वाजता, पोहे खाऊन, सावलीत बसून, ताजेतवाने असताना!

त्यामुळे माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हेच, ट्रेनिंग ट्रेकच्या शेवटच्या तासात घ्या. वेगळा कॅम्प लागत नाही. नेहमीचाच ट्रेक लावायचा, ट्रेनिंग बघणाऱ्या दोघांनाच माहीत असतं. उतरताना तीन-चारच्या सुमारास, सगळ्यांचे पाय बोलायला लागलेत, गप्पा बंद झाल्यात, अशा वेळी मधल्याच एकाला हळूच सांगायचं, बस इथे, तुझा घोटा गेलाय, पाय टेकवता येत नाहीये. आणि आपण घड्याळ लावून बाजूला गप्प उभं राहायचं. मदत नाही, सूचना नाही.

पहिल्यांदा काय होतं ते सांगतो म्हणजे घाबरू नका. पाच जण त्याच्याभोवती गोळा होतात आणि पाचही जण वेगवेगळे सल्ले देतात. कोणीतरी स्प्रे शोधत पूर्ण सॅक रिकामी करतं. पुढच्या लोकांना कळवायला कोणी जात नाही, सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने शिट्टी मारली असेल. कोणी मोजदाद करत नाही. वीस मिनिटांनी पुढचा लीडर चढून परत येतो, चिडलेला असतो, आणि त्याचं पहिलं वाक्य असतं "काय झालं, लवकर चला, लोकल जाईल". अर्ध्या-पाऊण तासाने थांबवायचं आणि तिथेच, त्याच जागी बसून बोलायचं, घरी जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. कोणाला काय दिसलं, कोणाला काय सुचलं पण बोलायचं धाडस झालं नाही. यात कोणालाही झापायचं नाही हं, नाहीतर पुढच्या वेळी लोक ट्रेकलाच येणार नाहीत.

एक काळजी घ्या. हा मॉक, म्हणजे खोटा अपघात, चालू असताना खरंच कोणाला काही झालं तर त्यासाठी ठरलेला शब्द हवा, आमच्याकडे "खरं आहे" असं तीनदा ओरडायचं ठरलंय. आणि पायथ्याच्या गावात आधी सांगून ठेवा, नाहीतर गावकरी बिचारे हातातलं काम टाकून पळत येतात. रेस्क्यूच्या हेल्पलाइनला खोटा फोन तर कधीच नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या मॉकला एक गोष्ट जोडा. त्या घोटा गेलेल्याला उचलून दोनशे मीटर न्यायला सांगा. फक्त दोनशे. दोन काठ्या आणि जॅकेटं वापरून स्ट्रेचर करा, रोप असेल तर रोपचं करा, काहीही. सपाटीवर सहा जण लागतात आणि दहा मिनिटांत त्यांचे हात सुटायला येतात, घसाऱ्यावर तर सहा माणसं शेजारी शेजारी उभी राहायला वाटच नसते. मग चौदा जणांच्या डोक्यात आपोआप प्रकाश पडतो की राजमाची ते कोंदिवडे हे अंतर आपण कोणाला उचलून नेऊच शकत नाही. हा प्रकाश पडणं फार महत्त्वाचं आहे कारण त्यानंतर मदत बोलवायचा निर्णय लवकर होतो. न शिकलेले ग्रुप आधी दोन तास स्वतः प्रयत्न करतात, मग अंधारात फोन करतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर प्रत्येक मेंबरच्या मोबाइलमध्ये सेव्ह असला पाहिजे, लोणावळ्याच्या बाजूला शिवदुर्ग मित्रची टीम आहे. ही सगळी स्वयंसेवक माणसं आहेत, नोकरीधंदा सोडून येतात, त्यांना उजेड असताना कळवलं तर त्यांचाही धोका कमी होतो. गावातले लोक तर झोळी करून आजारी माणसाला डोंगरातून उतरवायचं काम नाइलाजाने कायमच करतात, त्यांच्याइतकं ते आपल्याला जमणार नाही. फक्त त्यांना गृहीत धरू नका, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, त्याचे पैसे आठवणीने द्या.

फोनवर काय सांगायचं याचीही प्रॅक्टिस लागते. नेमकी जागा, शक्य असेल तर अक्षांश-रेखांश, काय झालं, किती वाजता झालं, शुद्धीवर आहे का, चालू शकतो का, सोबत किती जण आहेत, पाणी-टॉर्च किती, आणि परत फोन कुठल्या नंबरवर करायचा. हे कागदावर लिहून मगच फोन, कारण सह्याद्रीत रेंज कुठल्यातरी एकाच दगडावर असते आणि तीही अर्धा मिनिट. रेंज मिळेल अशा जागा चढतानाच लक्षात ठेवायच्या. एक फोन संपर्काला चालू, बाकीच्यांचे बंद, बॅटरी वाचवायला. आणि घरच्यांना बातमी कोण देणार तेही एकच माणूस ठरवा, चौदा जणांनी चौदा घरी वेगवेगळं सांगितलं की मुंबईत गोंधळ उडतो.

फर्स्ट एडबद्दल. क्लबमध्ये डॉक्टर बोलावून दोन तासाचं लेक्चर ठेवतात, हार्ट अटॅकपासून बाळंतपणापर्यंत सगळं होतं, लक्षात काहीच राहत नाही. आम्ही विषय कमी केले. मुरगळणं आणि फ्रॅक्चरला आधार देणं, कॅरीमॅटची (झोपायच्या फोमच्या चटईची) खपाची, म्हणजे हाडाला आधार द्यायची पट्टी, बनवता येते आणि ती डोळे मिटून बनवता आली पाहिजे. रक्त थांबवणं, म्हणजे थेट दाब आणि दहा मिनिटं उचलून बघायचं नाही, लोकांना दर मिनिटाला उचलून बघायची फार हौस असते. डोक्याला मार, म्हणजे उलटी, असंबद्ध बोलणं, वाढती झोप दिसली की हा माणूस आता चालत यायचा नाही, मदत बोलवायची. उष्माघात. साप. मधमाश्या. यातले शेवटचे तीन जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे त्यातच चुकीचं ज्ञान जास्त.

मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये कातळ तापतो. माणूस नुसता दमलाय, घाम आलाय, डोकं दुखतंय तोपर्यंत सावली, आराम, पाणी, ओआरएस पुरतं. पण तो विचित्र बोलायला लागला, तोल जायला लागला, कुठे आहोत ते सांगता येईना, की ती इमर्जन्सी. तिथेच सावलीत आडवा करून कपडे ओले करायचे, वारा घालायचा, असेल नसेल ते पाणी अंगावर. उतरवायची घाई नंतर, आधी अंग थंड. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. ओआरएसचं पाकीट जितक्या पाण्याचं लिहिलंय तितक्याच पाण्यात, बहुतेक एक लिटर, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकणारे महाभाग दर ट्रेकला असतात.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, सापाच्या मागे लागायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं कारण सूज येते, हातपाय हलू द्यायचा नाही, आणि जिथे प्रतिसर्पविष आहे अशा दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर आपल्याकडचं प्रतिसर्पविष चालतं, त्यामुळे मांत्रिकाकडे चक्कर मारण्यात वेळ घालवायचा नाही. ट्रेकला निघायच्या आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठलं आणि तिथे हे औषध आहे का हे फोन करून विचारणं हे लीडरचं काम, आणि १०८ ला फोन कोण करणार हेही.

आग्या मोहोळ उठलं तर पडून राहा, हलू नका असं अजूनही शिकवलं जातं, ते चूक. तोंड-डोकं झाकून तिथून शक्य तेवढं लांब पळायचं, हात हलवून मारत बसायचं नाही. पण कड्यावर पळणार कुठे, म्हणून खरं ट्रेनिंग आधीचं आहे, वर पोळी दिसतायत का ते बघणं, त्यांच्याखाली धूर, आरडाओरडा, परफ्यूम नको. रोपवर लटकलेल्या माणसावर माश्या आल्या तर हालत फार वाईट होते, त्यामुळे पोळं दिसलं की तो कातळ त्या दिवसापुरता सोडून द्यायचा.

परत फिरणं हे पण स्किल आहे आणि ते कोणीच शिकवत नाही. आम्ही दर ट्रेकच्या आधी एक वेळ ठरवतो, समजा दीड वाजता, जिथे असू तिथून मागे. ती वेळ स्टेशनवरच सगळ्यांना मोठ्याने सांगायची, म्हणजे वर गेल्यावर लीडर एकटा व्हिलन होत नाही. आणि ठरवून दोनेक महिन्यांनी एकदा, सगळं व्यवस्थित असतानासुद्धा, माथा अर्ध्या तासावर असताना परत फिरायचं. लोक जाम वैतागतात! पण एकदा अंगवळणी पडलं की खरी वेळ येते तेव्हा वाद होत नाही. पावसाळ्यात तर याशिवाय पर्यायच नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तुम्ही तो व्हिडिओ पाहिला असेल. ते ट्रेकर नव्हते, मान्य, पण ओढ्याला ते काय कळतंय. वर घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली पोचायला थोडा वेळ घेतो, आपल्यावर ऊन असताना पाणी चढतं. आमचा नियम, गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर उतरायचं नाही, पाणी गढूळ होऊन काटक्या-पाला वाहायला लागला की लगेच बाहेर, आणि ओढा ओलांडताना कोणाच्याही कमरेला रोप बांधायचा नाही, घसरला तर तोच रोप त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. पलीकडे अडकलो तर अडकलो, पाणी उतरेपर्यंत बसायचं, सोमवारची सुट्टी गेली तर गेली. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप आहे, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी ते बघायची सवय लावा.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे पहिल्या वर्षी सगळ्यांसाठी एवढंच ठेवा. थकलेलं असताना मॉक, मोजके फर्स्ट एड, परत फिरायची वेळ, पुढे लीड-मागे बॅकलीड आणि मधे कोणी दिसेनासं होऊ द्यायचं नाही. याला पैसे जवळपास लागत नाहीत, त्यामुळे कमिटीला ते ट्रेनिंगच वाटत नाही, हा त्रास तुम्हाला होणार, तयारी ठेवा.

आता रोपकडे येतो. रॅपलिंग कॅम्पवर माझा राग नाही, मेंबर वाढतात, पोरांची भीती जाते. पण तिथे आलेला माणूस काय करतो बघा. कोणीतरी अँकर (रोप कातळाला बांधायचा आधार) लावलेला, कोणीतरी हार्नेस घातलेला, कोणीतरी वरून सेफ्टीचा दोर धरलेला, हा फक्त खाली येतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसून आला म्हणून कोणी मेकॅनिक होत नाही. त्यामुळे कॅम्प करायचा तर करा पण त्याला ट्रेनिंगच्या खात्यात मांडू नका.

रोपचं खरं ट्रेनिंग आठ-दहा जणांच्या टीमचं, सत्तर जणांचं नाही. ज्यांना त्यात रस आहे आणि जे दर आठवड्याला एक संध्याकाळ देतील तेच. सुरुवात गाठींपासून, आणि गाठी थोड्याच. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, इटालियन हिच, प्रुसिक, डबल फिशरमन. बास. वीस गाठी येणाऱ्या माणसापेक्षा या पाच अंधारात, ओल्या रोपवर, ग्लोव्हज घालून बांधणारा मला हवा असतो. सहा मिलिमीटरच्या कॉर्डचा दोन मीटरचा तुकडा प्रत्येकाच्या ऑफिसच्या बॅगेत असू द्या, विरार लोकलमध्ये दांड्याला क्लोव्ह हिच बांधताना शेजारचा माणूस संशयाने बघतो पण सवय होते.

मग हॉलमध्येच अँकर. कोनाचं गणित फळ्यावर सांगितलं की सगळे माना डोलावतात आणि विसरतात, म्हणून आम्ही सामान मोजायचे दोन काटे आणि वीस लिटरचा पाण्याचा जार वापरतो. दोन काट्यांना स्लिंग (पट्टीचा फास) लावून मधे जार टांगायचा. दोन्ही बाजूंमधला कोन ६० अंश असताना प्रत्येक काटा साधारण साडेअकरा किलो दाखवतो, ९० ला चौदाच्या आसपास, आणि स्लिंग ताणून १२० केला की दोन्ही काटे वीस-वीस दाखवतात, म्हणजे दोन बोल्ट असूनही प्रत्येकावर पूर्ण वजन. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस परत कधी स्लिंग आखूड लावत नाही. सह्याद्रीतल्या जुन्या बोल्टवर आणि मेखांवर तर आधीच भरवसा कमी, पाऊस आणि गंज, आणि बेसाल्टचा थर वरून पक्का दिसतो पण मागे पोकळ असतो, दगडाने ठोकून आवाज ऐकायची सवय लावा.

प्रत्यक्ष कातळासाठी मुंबईकरांना लांब जायची गरज नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीकडे, मुंब्र्याला, बेलापूरला वर्षानुवर्षं लोक चढतायत, तुम्ही तर बोरिवलीचेच. पार्कात वनखात्याची परवानगी काढूनच जा आणि सोमवारी पार्क बंद असतो. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा (रोपशिवाय कमी उंचीच्या चढाईचा) वर्ल्ड कप झाला होता, तो गिरिविहारने भरवला होता, म्हणजे आपल्याच शहरातल्या क्लबने. अशा जुन्या क्लबांच्या लोकांना भेटा, त्यांच्या सरावाला जाऊन उभे राहा, बहुतेक ठिकाणी आनंदाने शिकवतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कातळावर, पावसाळ्यात हॉलमध्ये, असं वर्ष लावा.

रॅपलिंग शिकवताना खाली येण्याच्या आधीचे पाच मिनिटं शिकवा. रोपच्या दोन्ही टोकांना गाठ, डिसेंडरच्या (उतरताना रोपवर ब्रेक लावणाऱ्या साधनाच्या) खाली प्रुसिक किंवा ऑटोब्लॉक या रोपला आवळून धरणाऱ्या गाठीचा बॅकअप, कॅराबिनरचा (धातूच्या कडीचा) स्क्रू बंद, केस-ओढणी-टीशर्टचं टोक आत, आणि वजन टाकायच्या आधी आपली सेफ्टी सुटलेली नाही ना. आणि हे दुसऱ्याने हात लावून तपासायचं, नुसतं "ओके ना?" विचारायचं नाही. सिनियर असो नाहीतर इन्स्ट्रक्टर, तपासणी सगळ्यांची.

उत्तरकाशीचं म्हणाल तर जरूर पाठवा पण कशासाठी पाठवतोय ते डोक्यात ठेवून. नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून आहे, दार्जिलिंगचं हिमालयन इन्स्टिट्यूट १९५४ चं, मनालीलाही आहे. बेसिक कोर्स जवळपास चार आठवड्यांचा, शिस्त, फिटनेस, बर्फावरचं काम, हे तिथेच मिळतं आणि आयुष्यभर पुरतं. पण तिथून आलेला मुलगा बर्फात आइस अ‍ॅक्स वापरायला शिकून आलेला असतो, त्याला लगेच कोकणकड्यावर चाळीस जणांचा अँकर लावायला सांगणं त्याच्यावरही अन्याय आणि चाळीस जणांवरही. बेसिकमध्ये ए ग्रेड मिळाली तर अ‍ॅडव्हान्स करता येतो, शिकवायचं असेल तर पुढे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शनचा कोर्स आहे. चार जणांना एकदम पाठवण्यापेक्षा दर वर्षी एक-दोन जण पाठवा, ज्यांना चार आठवडे रजा मिळेल असे, प्रायव्हेट नोकरीत तीच मोठी अडचण. आणि पैसे क्लबने दिले तर परत आल्यावर वर्षभर क्लबच्या सरावाला येणार हे आधी बोलून घ्या. लेखी नको, बोलून पुरे, पण बोला.

जुन्या मेंबर्सचं नाजूक आहे. "आम्ही तुमच्या जन्माच्या आधीपासून चढतोय" हे वाक्य मीही ऐकलंय. त्यांना विद्यार्थी म्हणून बोलावलं तर येत नाहीत. आमच्याकडे एका काकांना मॉकमध्ये जखमी व्हायला सांगितलं, त्यांनी इतका मनापासून आरडाओरडा केला की पोरं खरंच घाबरली, आणि नंतर तासभर काका स्वतःहून सांगत बसले की तुम्ही मला उचलताना मान कशी सोडली. आता ते प्रत्येक मॉकला येतात. दुसरं म्हणजे त्यांना वाटांचं ज्ञान प्रचंड असतं, ढोरवाट कुठे फुटते, टाक्यातलं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. पण एका बाबतीत सवलत नको, लीड करायचं असेल तर काका असो वा कॉलेजचा पोरगा, वर्षातले दोन मॉक केलेले हवेत. हे कमिटीत ठराव करून सगळ्यांना एकाच दिवशी लागू करा, एकेकाला पकडून सांगायला गेलात तर भांडणं होतील.

राहिली खरेदी. यंदाच्या पैशातून सर्वात आधी हेडटॉर्च, प्रत्येकाचा स्वतःचा, आणि तो नसेल तर ट्रेकला नाही, दिवसाचा ट्रेक असला तरी. शिट्ट्या, क्रेप बँडेज, ओआरएस, ताडपत्रीचा एक मोठा तुकडा. त्यानंतर हेल्मेट, ईएन १२४९२ (युरोपीय मानक) लिहिलेली, बांधकामावरची पिवळी नाही. रोप सगळ्यात शेवटी, आणि घ्याल तेव्हा चढाईसाठी डायनॅमिक (ताणला जाणारा) म्हणजे ईएन ८९२, रॅपलिंग आणि फिक्स रोपसाठी (एका जागी बांधून ठेवलेल्या रोपसाठी) सेमी-स्टॅटिक (कमी ताणला जाणारा) म्हणजे ईएन १८९१, दोन्हींचं काम वेगळं. नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा नायलॉनचा दोर स्वस्त असतो आणि सामान बांधायला उत्तम असतो, माणसाला नाही. सेकंडहँड रोप तर फुकट मिळाला तरी नको कारण त्याच्यावर काय काय होऊन गेलंय ते कळायला मार्ग नाही, आणि बहुतेक कंपन्या न वापरलेलाही दहा वर्षांनी बाद करायला सांगतात. मुंबईच्या दमट हवेत ओला रोप सॅकमध्ये आठवडाभर पडला तर बुरशीचा वास येतो, सावलीत पसरून वाळवायचा, बाइकच्या बॅटरीच्या आसपास ठेवायचा नाही. रोपच्या पिशवीत एक वही ठेवा, कधी वापरला, कुठे, किती जण उतरले, कोणी पडलं का, दगड लागला का. ती वही आणि तो रोप कोणाच्या घरी राहणार, वाळवणार कोण, ते नाव रोप घ्यायच्या आधी ठरवा, आणि असं नाव कमिटीत पुढे येत नसेल तर यंदा रोप घेऊ नका.